मैदानाशेजारचा परवाना

आमच्या कुरुंद्यात सार्वजनिक मैदानाला लागून एका गृहस्थांचा ढाबा आहे. आमची रोज गाठ पडते, पण त्यांना घटकाभर एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानेच घेतात. बोलताना बऱ्याचदा वाक्याला 'बराबर हाय का न्हाई?' जोडतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

यंदा त्यांना ढाब्यावर बिअर बारचा परवाना हवा होता. त्यासाठी ग्रामसभेची संमती लागणार होती. मैदानावर संध्याकाळी पोरी भरतीसाठी पळायला येतात, म्हणून बायांचा विरोध होता. सभेत हे ढाबेवाले सारखे दारापर्यंत जात आणि परत येत. शेवटी हात वर झाले. सरपंच ढाबेवाल्यांच्याच बाजूचे. त्यांनी हात मोजले आणि म्हणाले, "दोन्हीकडं सारखेच भरले. मग माझं मत परवान्याला."

"सरपंच, भिंतीकडं एक हात राहिला," ढाबेवाले दारातून म्हणाले.

तो विरोधातला हात त्यांच्या बायकोचा होता. सरपंचांनी तो पाहूनही सोडला होता. आता मोजावाच लागला आणि परवाना अडला.

दुसऱ्या दिवशी ते ढाब्यासमोर येरझाऱ्या घालत होते.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"पुढल्या साली पुन्हा मागतो."

"आणि वहिनींनी पुन्हा विरोध केला तर?"

"करू द्या की. हात तिचा हाय," असं म्हणून ते रस्त्याकडेला थांबलेल्या ट्रककडे निघून गेले.