महादेवरावांची अक्षरं

पातूरजवळच्या मळ्यात महादेवरावांनी चाळीस वर्षं वांगी-मिरची पिकवली आणि तितकीच वर्षं एक गोष्ट लपवली. त्यांना वाचता येत नव्हतं. दुसरीत असताना गुरुजींनी वर्गासमोर उभं करून म्हटलं होतं, "ढोर हाय हा, वावरात धाडा याले." पोरं खदखदून हसली. महादेव पुन्हा शाळेत गेला नाही. पुढं कधी कागद समोर आला, की ते म्हणायचे, "चष्मा घरी राह्यला."

हे ओळखलं ते सुनेनं. फवारणीच्या औषधाचा कागद त्यांनी उलटा धरलेला दामिनीनं पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याची, नितेशची, लहानपणची अंकलिपी घेऊन ती मळ्यात आली.

"मामाजी, मी कोणाले नाई सांगत."

तीन महिन्यांत महादेवराव स्वतःचं नाव लिहायला लागले. ज्या दिवशी लिहिलं, त्या दिवशी गुरुजींची ती गोष्टही त्यांनी दामिनीला सांगितली. बायकोलाही ती कधी सांगितली नव्हती.

मग अमरावतीला दामिनीच्या भावाकडे बारसं निघालं. जेवणं आटोपल्यावर नितेशचा मोबाइल हातोहात फिरू लागला. आतून महादेवरावांचाच आवाज येत होता, "दवा... खा... ना." पेपरातला 'दवाखाना' हा शब्द ते अक्षर लावून वाचत होते. त्यांना कळू न देता कुणीतरी व्हिडिओ काढला होता.

"आमचे बाबा पा! साठीत बालवाडीत बसले!" नितेश म्हणाला. सगळी बैठक हसली. महादेवराव पायात चपला सरकवून बाहेर पडले आणि एकटेच एसटीनं घरी आले.

दोन दिवसांनी दामिनी मळ्यात आली. डोळे सुजलेले.

"मामाजी, कवतिकानं काढला होता मी. फक्त तुमच्या लेकालेच दाखोला."

"तो हसला तवा तू काय केलं?"

"मी बी हसले."

खरं बोलली, म्हणून ते जास्तच लागलं. त्यांनी अंकलिपी तिच्या हातात दिली. "जाय पोरी, ऊन झालं."

नितेश म्हणाला, "जराशी गंमत केली, बाबा. एवढं काय त्यात?" महादेवरावांनी चार महिने पेपराकडे पाहिलं नाही. अक्षर दिसलं की कानात आधी हसणं यायचं.

एका बाजाराच्या दिवशी मात्र ते पातूरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि अंकलिपी मागितली.

"नातवासाठी का, काका?"

"नाई. माह्यासाठी."

आता दुपारी ते खोलीची कडी लावून वाचतात. कधी दाराबाहेर पावलं थांबतात, दामिनीच्या बांगड्या वाजतात. महादेवराव शब्दावर बोट ठेवून गप्प बसतात. पावलं दूर गेली, की तीच ओळ पहिल्यापासून लावायला घेतात.