बाईच्या हिरड्या

काकडी कडू नाही हे गिऱ्हाइकाला पटवत बसण्यापेक्षा बाई सरळ एक उचलायची आणि त्याच्यासमोर कचकन दातांनी तोडायची. "मी खाल्ली, आता तुमी खा," म्हणायची. बाई म्हणजे सुमनबाई, माझी थोरली बहीण. तामसीहून बसनं भाजी आणून आदिलाबादच्या बाजारात बसायची. तिच्या दातांवर अख्ख्या बाजाराचा भरवसा होता.

बायकोशी भांडून मी निर्मलहून तिच्याकडे आलो, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "जेवला का?" चार दिवस म्हणून आलो आणि वर्षभर बूड हललं नाही. तिची सासू रोज ऐकवायची, "तुह्या भावाले घर नाही का वं?" बाई म्हणायची, "राह्यते तं राहू द्या, आत्याबाई. माणूस थकते बी." पलीकडच्या खोलीत मी सगळं ऐकत पडून असायचो. निगरगट्टच मी, दुसरं काय.

हळूहळू बाईची झोप उडाली. लागलीच तर झोपेत करकरा दात खायची. एकदा बाजारात तिनं काकडी तोडली, तर पांढऱ्या गरावर रक्त. गिऱ्हाईक निघून गेलं. सासू म्हणाली, तंबाखूची मिश्री लावत असंल. बाईनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

शेवटी मी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या तेलुगू बोलणाऱ्या आणि बाईचं तेलुगू भाजीच्या भावापुरतं, म्हणून दोघींच्या मध्ये मी.

"दात स्वच्छ ठेवते ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मनावर सारखा ताण असला, झोप नसली, की अंगाची ताकद घटते. मग हिरड्या सुजतात, दात सैल पडतात. हिचे दोन हलताहेत. घरी कशाचा घोर आहे, विचारा तिला."

विचारा म्हणे. शरमेनं माझे कान तापले. कसंबसं विचारलं.

"मले कायचा घोर?" बाई म्हणाली. "माहा भाऊ राह्यते ना माह्यापाशी. सांग त्याहिले."

मी मान खाली घातली आणि तेलुगूत सांगितलं, "तिचा भाऊ राहतो तिच्याकडे. तो मीच."

त्याच संध्याकाळी मी निर्मलची बस धरली. बाई खिडकीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "काऊन चालला रे बापू? माह्यानं काही चुकलं का?"