जांभळ्या औषधाखालची खपली

त्या वर्षी आमची कंपनी ईशान्येकडच्या डोंगरात एका पोस्टवर होती. बटालियन हेडक्वार्टर खाली, पायी नऊ तासांवर. बटालियनचे डॉक्टर, म्हणजे आरएमओ साहेब, तिथे असत. पोस्टवर मी एकटा नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार. जवान मला ‘डाक्टर’ म्हणत. मी त्यांना कधी अडवले नाही.

दर महिन्याला एफएफआय असे. फ्री फ्रॉम इन्फेक्शन, म्हणजे कुणाच्या अंगावर संसर्ग नाही याची तपासणी. सकाळी सहाला कंपनी चड्डीवर रांगेत उभी राही. हात पुढे, बोटे फाकवा. काखा दाखवा. वळा. बोटांच्या बेचक्यात बारीक फोड आणि रात्री वाढणारी खाज म्हणजे खरूज. तिचे औषध एकट्याला लावून भागत नाही. सगळ्या सेक्शनला, म्हणजे एकत्र राहणाऱ्या दहाही जणांना, मानेपासून खाली लावायचे आणि कपडे उकळायचे. गोल चट्टा, कड उठलेली, मधे साफ, तो नायटा. पायाच्या बोटांत भिजून पांढरी झालेली कातडी म्हणजे चिखल्या. छातीवर फिकट ठिपके आणि खाज बेताची, ते शिबं. मी हे पाच पावलांवरून ओळखत असे आणि त्याचा मला गर्व होता.

नियमाने चड्डी उतरवून जांघाही बघायच्या असत. मी बघत नसे. सगळे खेड्यातले, चारचौघांत लाजणारे. मीही तसाच. “खाली काय?” एवढे विचारायचे, “काय न्हाई” म्हटले की पुढचा. रजिस्टरात सगळ्यांपुढे एकच शेरा: एनएडी, काही आढळले नाही. खाली माझी सही.

लान्स नाईक सोपान माझ्याच तालुक्यातला, मुळशीतल्या माले गावचा. मी पौडजवळचा. त्या महिन्याची तपासणी झाली आणि रजिस्टर टपालाबरोबर खाली गेले. दुपारी सोपान माझ्या खोलीत आला. त्याच्या सेक्शनने आठवडाभर हेलिपॅडवरचे गवत कापले होते.

“डाक्टर, कुनी न्हाई ना हितं?”

“न्हाई. बोल.”

“सकाळी रांगेत लाज वाटली. जांघंत कायतरी उठलंय.”

तुरीच्या डाळीएवढी काळी खपली होती. भोवती लाल कडे. पेटती विडी टेकवल्यासारखी.

“दुखतं?”

“न्हाई.”

“खाजतं?”

“त्येबी न्हाई. म्हनून तर इचारतुया. दुखंना, खाजंना, मग हाय काय ह्ये?”

प्रश्न बरोबर होता. तो मला पडायला हवा होता.

“लंगोट घट्ट बांधतोस, घासलंय. पैलवानकी सोड आता.”

“बायकूबी ह्येच म्हनती,” तो म्हणाला आणि हसला.

मी कापसाच्या बोळ्याने जेन्शन व्हायोलेट लावले. खपली आणि लाल कडे दोन्ही त्या जांभळ्या औषधाखाली गेले. आजाऱ्यांच्या वहीत नोंद केली नाही. सकाळीच त्याच्या नावापुढे एनएडी लिहिले होते.

दोन दिवसांनी त्याला ताप भरला. डोके ठणकत होते, डोळे लाल. मी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला नाही. पाचव्या दिवशी सकाळी दहाला आरएमओ साहेब वायरलेस सेटवर आले.

“पेशंट कसा आहे? ओव्हर.”

“ताप एकशे तीन, सर. ओव्हर.”

“अंगावर पुरळ, जखम, काळी खपली? नीट बघून सांग. ओव्हर.”

“निगेटिव्ह, सर. ओव्हर.”

सोपान चार हातांवर खाटेवर पडला होता. शुद्धीवर होता.

“डाक्टर, त्ये जांघंतलं सांगा की.”

“गप पड. ताप डोक्यात गेलाय तुझ्या.”

मी सेट परत उचलला नाही. खाली माझ्या सहीचे रजिस्टर होते. नायब सुभेदारीसाठी माझे नाव गेले होते. कारण एवढेच. त्याहून मोठे काही शोधण्याचा प्रयत्न मी पुष्कळ वर्षे केला, सापडले नाही.

ढग होते, हेलिकॉप्टर आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्ट्रेचर निघाले. जवानांनी पाळीपाळीने खांदा दिला. दुपारी तीनच्या सुमारास हेडक्वार्टरला पोचलो. सोपान तोवर बरळू लागला होता. साहेबांनी स्पिरिटने जांभळा रंग पुसला आणि खपली बघितली. “स्क्रब टायफस,” ते म्हणाले. गवतातला डोळ्याला न दिसणारा किडा चावतो, तिथे अशी खपली धरते. औषध डॉक्सिसायक्लिन. ते पोस्टवर माझ्या पेटीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसला सोपान गेला.

चौकशी झाली. मी जबानी दिली की त्याने मला काही दाखवले नाही, जांभळ्या औषधाची बाटली फळीवरून स्वतःच घेतली असावी. जवान ती जागा लपवतात हे सगळ्यांना ठाऊक होते. विश्वास बसला. कागदावर आले: जवानाने आजार लपवला. घरी तसेच कळवले गेले. मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो.

आता मी गावी असतो. लोक नायटे दाखवायला येतात. मारुंजीला खोल्या घेऊन राहणारी मुले मेडिकलमधून कुणी सांगितलेली ट्यूब लावून येतात. तिने खाज थांबते आणि नायटा पसरतो. मी ट्यूब बंद करायला सांगतो आणि त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवतो. स्वतः कुणाला काही लावत नाही.

गेल्या दिवाळीनंतर सोपानची बायको, वत्सलावहिनी, सुनेला घेऊन आल्या. सून मंगल. बांधावरचे गवत कापून आल्यावर ताप, चार दिवस झाले होते. “कंबरंला काळं कायतरी हाय,” वहिनी म्हणाल्या. मी बघितले. शेजाऱ्याचा टेम्पो थांबवला, चिठ्ठीवर ‘गवत, ताप, काळी खपली’ असे लिहिले आणि स्वतः सोबत पुण्याच्या हॉस्पिटलात गेलो. दोन दिवसांत ताप उतरला.

आठवड्याने वहिनी तांदळाची पिशवी घेऊन आल्या.

“भाऊजी, तुमी देवागत धावला. डाक्टर म्हनला, उशीर झाला असता तर बाई हाताला लागली नसती. पर तुमी एका नजरंत वळखलं कसं?”

मला ‘फौजेत शिकलो’ म्हणता आले असते. इतकी वर्षे तेच म्हणत आलो होतो.

“अशी खपली मी सोपानच्या अंगावर बघितली होती, वहिनी. त्यानं मला दाखवली होती.”

“दाखवली हुती?”

“हो. ताप यायच्या आधी.”

“मंग लपवलं म्हून कागदावर आलं, त्ये?”

“मी खोटं सांगितलं, म्हणून आलं.”

त्या उठल्या, परत बसल्या.

“दर साली फोटूला हार घालते आन भांडते. म्हनते, लाज धरून मेलासा, माझा इचार न्हाई क्येला. दर साली, भाऊजी.”

“वहिनी, मला माफ—”

“माझ्याकडं नगा मागू. मी बोलून बसले त्यास्नी, त्ये मी बघीन. माझं पोरगं बापाला भित्रा समजत वाढलं. त्येला सांगा. गावाला सांगा. जिथं खोटं बोलला, तितं सांगा.”

पिशवी उचलून त्या निघाल्या. मी दारापर्यंतही गेलो नाही.

सोपानच्या मुलाला त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मला घरातून जायला सांगितले. ते बरोबर होते. रेकॉर्ड ऑफिसला सही करून पत्र धाडले आहे. उत्तर आलेले नाही. गावासाठी हे लिहिले. माझ्या त्या जबानीच्या जागी असे वाचावे:

लान्स नाईक सोपान, गाव माले, तालुका मुळशी. वय सत्तावीस. ताप यायच्या दोन दिवस आधी स्वतःहून येऊन खपली दाखवली. ताप चढल्यावर पुन्हा आठवण करून दिली. जवानाने काहीही लपवले नाही.