कानसेनांची विहीर

पाणीखात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते काही गाण्यातलं कळतं म्हणून नव्हे. गाण्याच्या बाबतीत आनंदच होता. पण जमिनीखालचा पाइप कुठे फुटलाय, हे ते नुसतं ऐकून सांगायचे. लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि आजूबाजूच्या गप्पिष्टांना हातानेच गप्प करायचं. मग दहा पावलं चालून म्हणायचं, "इथे खणा." तिथे खणलं की पाणी निघायचंच. साहेबांनी मोठ्या हौसेने महागडं यंत्र आणलं, पण शेवटी यंत्राने दाखवलेली जागा बरोबर आहे ना, हे विचारायलाही लोक कानसेनांकडेच यायचे.

वाचन दांडगं, डोकं तल्लख. कुणी काही ऐकीव सांगू लागलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "तू स्वतः पाहिलंस का?" म्हणून पुढे जे झालं त्यावर लोक म्हणाले, बायको गेली आणि ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. साफ खोटं. डोकं शाबूत होतं, आजही आहे, आणि वाईट वाटतं ते त्याचंच.

बायकोची मूत्रपिंडं हळूहळू निकामी झाली. साखर नाही, रक्तदाब नाही, कसलं पथ्य मोडलेलं नाही. ती गेल्यावर कानसेनांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "कशामुळे?" डॉक्टर प्रामाणिक होता. म्हणाला, "काका, कधीकधी कारण सापडतच नाही."

सापडत नाही म्हणजे काय? ज्या माणसाने जन्मभर पाणी कुठून जातंय ते शोधलं, त्याला हे कसं पटावं? पाणी जातंय म्हणजे कुठेतरी भोक आहेच. सापडत नाही म्हणणारा माणूस एक तर आळशी, नाहीतर मिंधा. घर तर इतकं गप्प झालं होतं, की फ्रिज सुरू झाला आणि बंद पडला तरी त्यांना कळायचं. ते वाक्य घेऊन ते त्या घरात बसून राहिले.

मग फोनवरच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलं, की नव्या शुद्धीकरण केंद्रात पाण्यात जी पावडर टाकतात, तिनेच लोकांची मूत्रपिंडं जातायत आणि खात्याला ते ठाऊक आहे. कानसेन हसले. त्यांनी उलट लिहिलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" मग त्यांनाच वाटलं, आपण तरी कुठे पाहिलंय? बघायला काय हरकत आहे?

त्यांनी चपला घातल्या आणि त्या केंद्राचं पाणी जिच्यातून येतं त्या नव्या लाईनवरची घरं पालथी घातली. सगळे ओळखीचे. लोकांनी बसवून घेतलं, मन मोकळं केलं. कुणाचा भाऊ डायलिसिसवर, कुणाच्या पायाला सूज, कुणी गेलेलं. कानसेनांनी शहराच्या नकाशावर लाल ठिपके दिले, आणि सगळे ठिपके त्या एका लाईनवर माळेसारखे ओवले गेले. त्या नकाशाकडे बघून ते ढसाढसा रडले. बायको गेल्यावर पहिल्यांदाच. त्यांना बरं वाटत होतं. ती उगाच गेली नव्हती, तिला कुणीतरी नेलं होतं. ग्रुपवरचे लोक त्यांना सर म्हणू लागले.

त्यांची एकुलती एक लेक त्याच खात्याच्या प्रयोगशाळेत होती. रोज सकाळी नळांचे नमुने आणायचे आणि तपासायचे, हे तिचं काम. तिने नकाशावरच्या एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, जुन्या लाईनवर किती घरी गेलात?"

"तिथे कशाला जायचं? तिथून काही ऐकूच आलं नाही."

"विचारलंच नाहीत तर ऐकू कसं येईल?"

आयुष्यभराची सवय नडली होती. आवाज येतो तिथे खणायचं, नसेल तिथे पुढे जायचं. पाइपांच्या बाबतीत हे बिनचूक आहे. पण पाइप न विचारता बोलतो, माणसांना विचारावं लागतं. लेकीने हे परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी म्हणाली, "ते पाणी मी स्वतः तपासते, बाबा. काही असतं तर मी गप्प बसले असते? माझी आई होती ती."

"तुला जे दाखवतात तेच तू तपासतेस," ते म्हणाले. "बरं, मग सांग, ती कशाने गेली?"

काहीतरी ठोकून दिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण लेकही बापासारखीच. "माहीत नाही," ती म्हणाली. त्यांनी नकाशाची घडी घातली.

पुढे त्यांनी नळाचं पाणी सोडलं. गावाबाहेर एक जुनी विहीर होती, तिथून सायकलवर कॅन भरून आणू लागले. लेकीने ते पाणीही तपासलं. जंतूच जंतू. निदान उकळून प्या म्हणाली, तर म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेला माझी विहीर बरी खुपते." मग तिने हात टेकले आणि एवढंच मागितलं, की सुट्टीच्या दिवशी नात येते तेव्हा तिला घरून दिलेल्या बाटलीतलंच पाणी द्यायचं. त्यांनी शब्द दिला.

शब्दाला पक्का माणूस. पण नातीने बाटली तोंडाला लावली की त्यांना ते बघवायचं नाही. बायकोही अशीच, मान वर करून, घटाघटा प्यायची. तिसऱ्या वेळी त्यांना राहवलं नाही. बाटली मोरीत रिकामी केली, विसळली, आणि विहिरीचं पाणी भरलं. "हे आपलं गुपित हं," ते नातीला म्हणाले. ती खूश. आणि ते? बायकोला वाचवता आलं नाही, हिला तरी वाचवतोय, असं वाटून त्यांना त्या दिवशी दुपारी गाढ झोप लागली.

पुढे दर सुट्टीला हेच चाललं, आणि महिन्याभरात नातीचे डोळे पिवळे झाले. पोटात काही ठरेना. दवाखान्यात ठेवावं लागलं. कानसेन हातात कॅन घेऊन धावत पोचले, तेव्हा डॉक्टर लेकीला सांगत होते, "कावीळ आहे. दूषित पाण्यातून होते."

"मी इतके दिवस काय सांगत होतो?" कानसेन म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, आजोबांकडे त्यांचं गोड पाणी पिते, असं तिनेच सांगितलंय मला."

"आठवड्यातून एक दिवस माझं पाणी, बाकी सगळे दिवस नळाचं. तूच सांग, दोष कुणाचा धरायचा?"

किती बिनतोड बोलले. लेकीला भांडायचं त्राण नव्हतं. ती हळूच म्हणाली, "ती आता तुमच्याकडे येणार नाही. तुम्हीही घरी येऊ नका, बाबा." आणि आत गेली.

कानसेन जिन्यात आले. ते पायरीवर बसले. ती म्हणते ते खरं असेल तर? तर बाटली भरणारा हात आपला. आणि बायको, ती कशानेच गेली नाही, नुसतीच गेली. हा विचार त्यांना झेपेना. मग हुशार डोकं मदतीला धावलं. लेकीची नोकरी खात्यात. साहेबांनी दम भरला असणार. पदरात पोर असताना बिचारी बोलणार तरी कशी? त्यांना तिची दया आली. त्यांनी तिला तिथल्या तिथे माफ केलं आणि कठडा धरून उठले.

नात बरी झाली, असं जावयाने फोनवर कळवलं. कानसेन रोज सकाळी लेकीच्या दाराशी विहिरीच्या पाण्याचा एक कॅन ठेवतात आणि बेल न वाजवता परत फिरतात. ती तो उचलते, मोरीत ओतते आणि रिकामा कॅन पुन्हा दाराबाहेर ठेवते. नाही ओतला तर ते बेल वाजवतील, आणि त्यांना तोंडावर पुन्हा 'येऊ नका' म्हणणं तिला जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी कॅन रिकामा बघून कानसेनांचा चेहरा खुलतो. त्यांना वाटतं, पोरगी पितेय.