मासूमाचा टाका

१९३६ साली नाशिकच्या कागदीपुऱ्यात कागद करणारं एकही घर उरलं नव्हतं. गिरणीच्या कागदानं सगळ्यांना घरी बसवलं होतं. रहेमान कागदी नावापुरताच कागदी राहिला होता आणि पोटासाठी त्याच गिरणीच्या कागदाचे पतंग करत होता. तरी हाती जुना कागद आला की दोन बोटांत चोळून पाहायची खोड काही जात नव्हती.

एका दुपारी त्याच्या ओसरीवर देवराम मास्तर आले. निफाडकडच्या आपल्या गावाचा इतिहास लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून दोन वह्या भरल्या, पण दोन म्हाताऱ्यांचं एकमत होईल तर शपथ! शेवटी पुण्याच्या एका जाणत्यानं त्यांचे कान उपटले. ऐकीव गोष्टी सोडा, अस्सल कागद शोधा, आणि सांगणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय एक ओळ लिहू नका, असं त्यानं बजावल्याचं मास्तरांनीच रहेमानला सांगितलं. कागद मास्तरांच्या घरच्याच पेटीत निघाला. त्यांच्या घराण्याला पेशव्यांनी पाटीलकी दिल्याची ती सनद होती. तीच दाखवून चाळीसेक वर्षांपूर्वी आजोबा खंडेरावांनी कोंडाजीच्या घरातली पाटीलकी आपल्याकडे घेतली होती. कागद तेवढा जुना आहे, एवढं रहेमाननं सांगितलं की पुस्तकाचं पहिलं प्रकरण तयार होतं.

रहेमाननं कागद उन्हाकडे धरला. हातकागदाचा लगदा गवती काड्यांच्या चटईवर उचलतात आणि त्या काड्यांच्या रेषा कागदात कायमच्या उतरतात. या कागदाच्या कोपऱ्यात तीन रेषा तिरप्या होत्या. रहेमाननं त्यांवरून बोट फिरवलं. त्यांच्या घरच्या चटईच्या तीन काड्या मोडल्या, तेव्हा डोळ्यांनी अधू झालेल्या त्याच्या आईनं, मासूमानं, चाचपडत टाके घालून त्या अशाच तिरप्या बसवल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी ती प्लेगात गेली.

आणि मग कडुनिंबाच्या पाल्याचा धूर नाकात भरला. रहेमान तेव्हा नऊ वर्षांचा होता. दारात एक फेटेवाला थांबला होता, अब्बा खांबाला टेकून खाली मान घालून बसले होते आणि रहेमान नवे कोरे कागद पिवळे पडेपर्यंत धुरावर परतत होता. हे कशाला, असं त्यानं विचारलं, तेव्हा अब्बा म्हणाले होते, विचारू नकोस. चाळीस वर्षं त्यानं विचारलं नव्हतं. अब्बा कधीच वारले होते, तरी मोहल्ल्यात अजून त्यांच्या, इब्राहिम कागद्याच्या, सचोटीची शपथ घेत.

झाकली मूठ सव्वा लाखाची. जुनाच आहे, एवढं म्हटलं की संपलं. मास्तर त्याच्या तोंडाकडे आशेनं बघत होते. रहेमाननं खांबाकडे पाहिलं, तर अब्बा तिथं बसलेले, तशीच मान खाली घालून. त्याला भीती वाटली, म्हणून त्यानं भलतंच काही विचारलं.

"कोंडाजीची माणसं कुठं गेली, मास्तर?"

गाव सोडून गेली, मास्तर म्हणाले. कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि भरलेल्या दोन वह्यांत त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती.

रहेमाननं कागद अलगद खाली ठेवला. "अक्षर पढवाल तसं बोलतं, मास्तर. कागद आपली आई लपवत नाही. ही सनद पेशव्यांच्या वेळची नाही. हा कागद आमच्या घरचा आहे." मग त्यानं चटईची, टाक्यांची आणि धुराची हकिगत सांगितली.

मास्तरांचा चेहरा उतरला. या सरळ माणसाला आपल्या आजोबांपायी बापाची अब्रू घालवावी लागतेय, हे त्यांना फार लागलं. ते हळूच म्हणाले, "तुमचं नाव नको घालायला, रहेमानभाई. एका जाणकाराचं मत, एवढंच लिहितो."

"बिननावाचं कोण मानणार? आत्ता तुम्हीच तर सांगितलंत." रहेमाननं वहीकडे बोट दाखवलं. "लिहा. रहेमान वल्द इब्राहिम, कागदी, नाशिक. कागद बापानं केला. धूर मी दिला."

मास्तरांनी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि सही मागितली. रहेमाननं सही केली आणि खांबाकडे पाहिलं. अब्बांनी अजून मान वर केली नव्हती.