सॅक्सोफोन मधोमध आहे का?

या गौरवग्रंथात मी लिहिणार नव्हते. दिनकरराव शेवाळे यांच्या अमृतमहोत्सवासाठी आलेले लेख समितीने शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवले, आणि ते वाचून मला लेखणी उचलावी लागली. सगळ्या लेखांत त्यांच्या उंची स्पीकरांची, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची, दुर्मिळ जॅझ तबकड्यांची वर्णने होती. त्यांना उजव्या कानाने आता फार कमी ऐकू येते, हे एकानेही लिहिले नव्हते. मी शेवाळेसाहेबांना तसे सांगितले. ते म्हणाले, "मग तुम्ही लिहा, बाई. वाढदिवसाचं पुस्तक आहे म्हणून काय खोटं छापायचं?"

आमची ओळख भांडणातून झाली. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत ते माझ्या खालच्या घरात राहायला आले. ते तेव्हा ओझरच्या विमान कारखान्यात इंजिनिअर होते आणि मी शाळेत गणित शिकवत होते. एका संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासताना पायांखालची फरशी घुमू लागली. मी तरातरा खाली गेले. त्यांनी दार उघडून शांतपणे विचारले, "आवाज मोठा आहे, की नुसता घुमतोय?"

"मला त्याच्याशी काय करायचंय? बंद करा."

"मोठा असेल तर कमी करतो. घुमत असेल तर माझं काहीतरी चुकलंय. बघू द्या जरा."

ते वर आले आणि माझ्या फरशीला कान लावून बसले. लवकरच पिंपळगाव बसवंतहून, त्यांच्या भावाकडून, कांद्याची रिकामी बारदाने आली. त्यांत जुना कापूस ठासून साहेबांनी खोलीचे कोपरे भरून काढले. घुमणे थांबले. ती बारदाने परदेशी स्पीकरांमागे आजही आहेत. टर्नटेबल हलू नये म्हणून त्याच्याखाली घरातला दगडी पाटा आहे. त्यांच्या पत्नी सुमनताई येईल त्याला ऐकवतात, "माझा पाटा यांच्या तबकडीखाली गेला, तेव्हापासून या घरात चटणी मिक्सरची."

जॅझ त्यांच्या घराण्यात नव्हते. कारखान्यात कामासाठी आलेल्या एका परदेशी तंत्रज्ञाने मायदेशी परतताना आपल्या काही तबकड्या त्यांना दिल्या. द्राक्षबागायतदाराच्या या मुलाला त्यातले काही कळेना. "कळेना म्हणूनच सोडवेना," असे ते सांगतात. पुढे एकेक यंत्र जमवण्यात अर्धे आयुष्य गेले. खोलीचे दार मात्र रविवारी सकाळी ज्याला ऐकायचे आहे त्याला उघडे असते.

दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर एक वेताची खुर्ची आहे. तिथे बसले की वाजवणारी मंडळी समोर उभी आहेत असे वाटते. पियानो डावीकडे, ड्रम उजवीकडे, सॅक्सोफोन मधोमध. गवई गाण्यात जागा घेतो, तो शब्द उचलून साहेब या खुर्चीला 'जागा' म्हणतात. पाहुणे असताना ते स्वतः तिथे बसत नाहीत. सर्वांत नवख्या माणसाला तिथे बसवतात आणि आपण भिंतीपाशी स्टुलावर बसतात.

माझे पती गेले तेव्हा साहेब भेटून गेले. रविवार आला तशा सुमनताई वर आल्या. "हे विचारतायत, आज बंद ठेवू का?" मी म्हटले, लावा. त्या सकाळी त्यांनी एक संथ तबकडी लावली. आवाज इतकाच होता, की खिडकीशी गेले तर ऐकू यावा, न गेले तर येऊ नये. मी खिडकीशी गेले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. यंदाच्या हिवाळ्यात रविवारी ऐकताना काहीतरी खटकत होते. एका सकाळी कोणी नवखे आले नव्हते म्हणून मला 'जागा' मिळाली, तेव्हा उलगडा झाला. तबकडी संपली. पिंपळगावचे कोल्ड स्टोरेजवाले बाळासाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, "लय भारी, साहेब!"

मी म्हणाले, "सॅक्सोफोन उजवीकडच्या खिडकीत जाऊन बसलाय."

"मधोमध आहे," साहेब म्हणाले.

"नाही."

त्यांनी बाळासाहेबांकडे पाहिले. बाळासाहेब चपलांकडे पाहत म्हणाले, "थोडा सरकल्यावानी वाटतोय खरा."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि दिवाळीपासून लय भारी?"

"खरं बोललो असतो तर तुम्ही खोलीच बंद केली असती, साहेब. मग आम्ही जायचं कुठं?"

चहा घेऊन आलेल्या सुमनताई म्हणाल्या, "टीव्ही मोठा करता तेव्हा मी काय सांगत होते? पण माझं ऐकायला दोन्ही कान कधीच नव्हते!"

कोणी हसले नाही. झाले होते ते असे. उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, तसे साहेब आठवडाभर एकटे ऐकताना उजवा स्पीकर नकळत जवळ ओढत गेले. त्यांना सगळे मधोमध ऐकू येत होते, आम्हाला तिरपे. आता ही खोली बंद होणार, असे आम्हा सर्वांनाच वाटले.

साहेब उठले आणि उजव्या स्पीकरला हात लावून म्हणाले, "बाई, जागेवरून उठू नका. बाळासाहेब, तीच तबकडी लावा. मी सरकवतो, मधोमध आला की सांगा."

ते मागे ढकलत गेले. मी "अजून", "जरासा", "थांबा" म्हणत गेले. सॅक्सोफोन खिडकीतून उतरून समोर येऊन उभा राहिला. मी तसे सांगितले. मग साहेब माझ्या जागी बसले. डोळे मिटून ऐकत राहिले.

"माझ्यासाठी तो पार डावीकडे, दाराशी गेला," ते म्हणाले. "जाऊ दे. तुम्हाला मधोमध आहे ना? मग स्पीकर इथंच राहू देत."

तेव्हापासून ते तिथेच आहेत. आठवडाभर एकटे असतानाही साहेब ते हलवत नाहीत. येणाऱ्याला नीट ऐकू यावे म्हणून स्वतःच्या घरात ते तिरपे ऐकतात. त्यांच्या खोलीबद्दल इतरांनी लिहिलेले सर्व खरे आहे, पण मला त्यांच्याविषयी सांगायचे आहे ते एवढेच.

शेवाळेसाहेबांना उदंड आयुष्य लाभो. डावा कान शाबूत राहो, गुडघे धड राहोत, सुमनताईंचा आवाज असाच खणखणीत राहो. आणि त्यांच्याशी खरे बोलण्याइतके धैर्य आम्हा सर्वांच्या अंगी येवो.

नोंद: गेल्या रविवारी चहानंतर, बाळासाहेबांच्या समक्ष, शेवाळेसाहेबांनी माझ्याकडे सोपवले ते असे. तबकडीवर टेकणाऱ्या सुईचे वजन पाहायचा छोटा काटा, सुई साफ करायचा ब्रश, खोलीची एक किल्ली आणि यापुढे स्पीकर लावून देण्याचे काम. सर्व सुस्थितीत मिळाले. कोणती तबकडी लावायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी दिलेला नाही. मी मागितलेला नाही.