ओनोराच्या गोष्टीचा शेवट

सिदोनिजच्या वड्यांना चव होती आणि जिभेला धार. हैतीच्या त्या कोळीवाड्यात दोन्हींना गिऱ्हाईक भरपूर. दिवेलागणीला ती अंगणात अळकुड्यांचे वडे तळायला बसली, की गोष्टी सुरू व्हायच्या. सांगणारा विचारी, ‘क्रिक?’ ऐकणारे ओरडत, ‘क्राक!’ शेवटही ठरलेला: ‘मी तिथेच होतो, मला एक लाथ बसली, तो थेट इथे येऊन पडलो तुम्हाला सांगायला!’ जो कधी किनारा सोडून गेला नाही, तोही हे छातीठोकपणे सांगे.

तिचा लेक ओनोरा होडी उलटून गेला. परतला तो त्याचा सोबती एलिफेत. ‘ओनोरा बुडाला,’ एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि सिदोनिजने दार लावून घेतलं. पुढचं तिला ऐकवेना.

गावाने मात्र गोष्टींत ओनोराला बुडू दिलं नाही. आधी तो तरंगत राहिला, मग कुठल्याशा बेटाला लागला, मग त्याने तिथे दुकान थाटलं, लग्न केलं.

“सुनेला स्वयंपाक येतो का, तेवढं तरी सांगा रे!” सिदोनिज म्हणायची. खोटं आहे हे ती जाणून होती, तरी लेक असा कुठेतरी नांदताना ऐकून तिला बरं वाटे.

पण जिवंत आहे, तर परत का येत नाही? एका संध्याकाळी सांगणाऱ्याने तेही जुळवून टाकलं. “पैसा आला, आणि ओनोरा आईला विसरला!”

सिदोनिजचा झारा हातातच राहिला. हे तिला सहन होईना.

कुंपणापाशी उभा असलेला एलिफेत आत आला. “मावशी, मी सांगू?”

“इतकी वर्षं तोंड लपवलंस. सांग आता.”

“क्रिक?”

“क्राक,” ती एकटीच म्हणाली.

“फळी एकच होती. एकाचंच वजन पेलणारी. ती ओनोराच्या हातात होती, मी गटांगळ्या खात होतो. मी तिथेच होतो, मावशी. त्यानं फळी माझ्याखाली सारली, मला एक लाथ घातली, आणि मी इथे येऊन पडलो. तुला सांगायला.”

कुणी हसलं नाही.

“काही म्हणाला?”

“शिवी हासडली. म्हणाला, ‘हाल की गाढवा! आईचे वडे कोण खाणार?’”

“मग माझाच तो,” सिदोनिज म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. वडे करपले.